विहीर तुमची, नाला कोणाचा?



यंदाच्या गट सभांतून एक मागणी फार जोराने पुढे आली आहे. कारखान्याने नवीन बोअरसाठी बँकेला हमी द्यावी व हप्ता उसाच्या बिलातून कापून घ्यावा, अशी ती मागणी. मागणी करणारे सभासद काही हौसेने बोलत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात विहिरीवरची मोटार अर्ध्या तासात हवा ओढू लागते, आणि पोटच्या पोरासारखा वाढवलेला खोडवा डोळ्यांदेखत पिवळा पडतो. अशा वेळी माणूस आणखी शंभर फूट खाली जायचे म्हणतो, त्यात त्याचे काय चुकले? तरीसुद्धा या मागणीला माझा विरोध आहे. तो का, हे सभेतल्या गोंगाटात सांगून होत नाही, म्हणून संपादकांकडे ही चार पाने मागून घेतली. हे मत माझे स्वतःचे आहे. संचालक मंडळाचे धोरण म्हणून ते कोणी वाचू नये, आणि चेअरमनसाहेबांना त्याबद्दल जाबही विचारू नये.

ऊस नोंदीच्या अर्जात आपण काय काय विचारतो ते आठवा. सभासद क्रमांक, गट नंबर, लागण की खोडवा, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू, जात कोणती, लागणीची तारीख आणि पाण्याचे साधन. साधनाच्या रकान्यात आपण लिहितो ‘विहीर’ किंवा ‘बोअर’. जणू विहिरीला पाणी विहिरीतच पिकते! त्या विहिरीला पाणी कोणत्या नाल्याच्या पाणलोटातून येते, हे अर्जात कुठेच नाही. मी हा प्रश्न बांधावर उभे राहून अनेकांना विचारला. शेजाऱ्याची विहीर किती परस खोल ते पाठ, त्याने कोणत्या कंपनीची मोटार टाकली तेही पाठ. पण आपल्या रानाशेजारचा ओढा कोणत्या माळावर उगम पावतो, हे सांगणारे थोडेच निघाले.

पाणलोट हा शब्द आता सरकारी फलकांवर इतका लिहिला गेला आहे की त्यातला अर्थच पुसून गेला. गोष्ट सोपी आहे. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस अर्धा पुढच्या पाख्याने अंगणात येतो, अर्धा मागच्या पाख्याने परसात जातो. डोंगराचा माथा किंवा माळाची चढण म्हणजे जमिनीचे आढे. त्या आढ्याच्या आत पडलेला प्रत्येक थेंब ज्या एका ओढ्याकडे येतो, तो सारा मुलूख म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. काही थेंब वरून वाहत येतात आणि तासाभरात निघून जातात. काही जमिनीत मुरून मुरमातून, खडकाच्या भेगांतून हळूहळू सरकत महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्या विहिरीत उतरतात. दोन्ही पाणी एकाच पाणलोटातले. म्हणून ओढा ही वाहत्या पाण्याची नुसती रेघ नव्हे. माथ्यावरचा गायरानाचा माळ, मधले कोरडवाहू रान, खालचा मळा आणि त्या सर्वांच्या पोटातला खडक, हे सगळे मिळून ओढा होतो. सरकारच्या भूजल यंत्रणेने साऱ्या महाराष्ट्राचे असे दीड हजारांवर पाणलोट पाडून ठेवले आहेत. त्यातला आपला कोणता, हे आपल्यालाच ठाऊक नाही.

आता एवढ्यासाठी मी तुम्हाला पार चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नेणार आहे. मी मूळचा तिकडचा, नागभीड तालुक्यातला, म्हणून गावाचे कौतुक सांगतो असे समजू नका. कारण निराळे आहे. कालवा नव्हता, वीज नव्हती, मोटार नव्हती, त्या काळी त्या मुलखात लोक ऊस पिकवीत होते, घाणा चालवीत होते, गूळ करीत होते. आणि तो ऊस ते पिकवीत नाल्याच्या पाण्यावर. ऊसवाल्यांनी हे पाहण्यासारखे आहे.

आधी त्या मुलखाची ठेवण सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला वरोऱ्याकडे आपल्यासारखीच काळी माती आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात वाळूचा दगड आणि त्याच्या पोटात कोळसा. पण तिथून पूर्वेला वैनगंगेकडे गेलात की जमीन बदलते. खाली फार जुना, कठीण, स्फटिकी खडक. त्यावर मातीचा थर पातळ. अधूनमधून लहान टेकड्यांच्या रांगा आणि त्यांवर साग, बांबू, मोह, ऐन. पाऊस आपल्या दुपटीचा, साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर आणि गडचिरोलीकडे त्याहूनही अधिक. पण खडक पाणी पोटात घेत नाही. म्हणून श्रावणात ओसंडून वाहणारा नाला पुसात पाहावा तर वाळू उघडी पडलेली असते. पाऊस जास्त म्हणजे पाणी जास्त, असे आपण इकडे बसून म्हणतो. तिकडच्या माणसाला ते पटत नाही. त्याला उन्हाळ्यात गुरांना पाणी दाखवायलासुद्धा तलावच लागतो.

चांद्याच्या गोंड राजांनी हे ओळखले. जो जंगल तोडून जमीन वहिती करील आणि तलाव बांधील, त्याला तलावाखालची जमीन इनाम म्हणून द्यायची, अशी त्यांची रीत होती. त्या देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे; तिथून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव तलावाशी जोडलेले ठाऊक असेल कोण जाणे. या कामात पुढे आली ती कोहळी जमात. गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिकडून त्याने कोहळ्यांना आणले, अशी त्यांच्यात आख्यायिका आहे. आख्यायिका खरी की खोटी ते असो, त्यांची नजर मात्र खरी. हातात दुर्बीण नाही, लेव्हल नाही, आणि पाळ कुठे घातली असता कमीत कमी मातीत जास्तीत जास्त पाणी अडेल, हे ते नुसते चालत जाऊन सांगत. इंग्रज अधिकाऱ्यांनीही त्यांच्या या कसबाची दखल घेतली, आणि दोन गोष्टींसाठी कोहळी नावाजलेले आहेत असे लिहून ठेवले. एक तलाव, दुसरा ऊस.

आता ते तलाव एका नाल्यावर कसे बसवलेले असतात ते पाहा, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. माथ्यावर जंगल. जंगलातून दोन-तीन ओघळी उतरतात, त्यांवर लहानशा बोड्या. बोडी म्हणजे एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीचे छोटे तळे. त्यात दोन-चार एकरांपुरते पाणी. ओघळी एकत्र येऊन नाला झाला आणि तो दोन टेकड्यांच्या मधून बाहेर पडू लागला, की तिथे गावचा मोठा तलाव, अर्धचंद्रासारखी मातीची पाळ घातलेला. पाळीखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची बांधलेली खाचरे. एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे पाणी धुरे ओलांडत खाली जाते. बांध्यांतून जे झिरपते ते खाली पुन्हा नाल्याला लागते, आणि पुढच्या गावाच्या तलावात शिरते. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून पडलेले पाणीही तिथेच. असे एकाखाली एक तलाव, माळेतल्या मण्यांसारखे. वरच्या तलावाची गळती ही खालच्या गावाची आवक. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातला गाळ बैलगाड्यांनी शेतात जायचा; त्याने शेत सुधारायचे आणि तलावही खोल राहायचा. मासे धिवरांचे. कमळाचे कंद, शिंगाडे, पाणपक्षी ही वरची कमाई. असे साडेसहा ते सात हजार तलाव पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून आजही सरकारदप्तरी मोजले जातात. त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि कागदोपत्री त्यांचे झाले ‘मामा तलाव’.

उसाचे काय? तर पाण्याचा पहिला हक्क धानाचा. रोवणी अडली, किंवा धान गर्भावर असताना पावसाने दडी मारली, की तलाव उघडायचा. त्यानंतर जे पाणी तलावात उरेल ते साऱ्या गावाला पाळीवर उभे राहून दिसायचे. तेवढ्यावर ऊस. ज्या वर्षी तलाव भरला नाही त्या वर्षी उसाचे रान आकसायचे. त्यासाठी कोणाला परिपत्रक काढावे लागत नसे. आज आपल्या बोअरमधले पाणी दिसते का कोणाला? वरच्या रानातल्या बोअरने खालच्या विहिरीचे किती ओढले, हे दोघांनाही दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून भांडणसुद्धा नीट होत नाही. नुसता संशय राहतो. तलाव आणि बोअर यांत मला हाच खरा फरक वाटतो. खोली-रुंदीचा प्रश्न त्यानंतरचा.

म्हणून जुने सगळे सोन्याचे होते असे मात्र मी म्हणणार नाही. तलावाची डागडुजी पुष्कळदा वेठीने होत असे. मालगुजाराच्या बांधीला पाणी आधी आणि रयतेच्या बांधीला मागून, हेही होते. १९५० चा मध्य प्रदेशचा कायदा आला आणि १९५१ साली मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. पण मालगुजार गेला तेव्हा त्याच्याबरोबर तलावाची काळजीही गेली. तलाव सरकारजमा झाले. लहान जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गावाचे निस्तार हक्क कागदावर राहिले. पाळीवर झाड वाढले तर ते उपटायचे कोणी, खेकड्यांनी पाडलेले भोक बुजवायचे कोणी, गाळ काढायचा कोणी, हे मात्र कुठल्याच कागदावर राहिले नाही. आज कितीतरी तलावांत बेशरमीचे रान माजले आहे. पोटात गाळ, काठाने अतिक्रमण. सर्वांत वाईट म्हणजे, तलावात पाणी आणणाऱ्या ओघळी मधेच शेतात मोडल्या, कुठे रस्त्याच्या भरावाने अडल्या. तलाव जागेवर आहे, पण त्याचा पाणलोट तुटला आहे. अशा तलावाचे नुसते तोंड दुरुस्त करून काय होणार? आणि ऊस? तिकडे आता तो नावालाच. पूर्व भागात मुख्य पीक धान. ज्या जमातीचे नाव उसाशी जोडलेले होते तिच्या कित्येक गावांत घाणा कुठे होता हे दाखवायला म्हातारा माणूस शोधावा लागतो. उसाचे पीक किती चटकन एखाद्या मुलखातून उठून जाते, याचा हा दाखला आपणही ध्यानात ठेवलेला बरा.

नाल्याच्या माथ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती आपण हमखास विसरतो. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे छोटे गाव आहे. पूर्वेच्या जंगलातून येणारी कठाणी नदी त्याच्या शिवारातून वाहत पुढे गडचिरोलीजवळून वैनगंगेला मिळते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे या गावाचे नाव देशभर झाले. निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, ही त्यांची रीत. २००९ साली वनहक्क कायद्याखाली या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. आता बांबू किती तोडायचा, कुठला राखायचा, हे गाव बसून ठरवते. तुम्ही म्हणाल, यात पाण्याचे काय आले? अहो, ते जंगल म्हणजेच कठाणीचा माथा. पानांच्या कचऱ्याने झाकलेली जमीन पाऊस झेलते व मुरवते. उघडी पडलेली जमीन तोच पाऊस मातीसकट खाली ढकलते. माथा राखणारा आहे म्हणून पायथ्याला पाणी आहे. आणि माथा राखणाऱ्याच्या घरी उसाचे बिल जात नाही, ही गोष्टही ध्यानात असू द्या.

पायथ्याचीही एक गंमत आहे. नाल्याचे शेवटचे टोक त्याच्या स्वतःच्या हातात नसते. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याहून निघालेली वैनगंगा भरून आली की कठाणी, पाल यांसारख्या उपनद्यांचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते, आणि त्यांच्यावरचे रस्ते बंद होतात. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने पूल बुडणे हे तर पावसाळ्याचे नेहमीचे. खाली प्राणहितेचे पाणी घेऊन आलेल्या गोदावरीवर तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा बांधला, २०१९ साली तो सुरू झाला, आणि त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची जमीन पाण्याखाली गेली. पुढे २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे खांब खचले, ती कहाणी निराळी. सांगायचे एवढेच की पाण्याचा जमाखर्च आपल्या शिवारापुरता मांडता येत नाही.

आणि आपण तो नेमका शिवारापुरताच मांडतो. त्याचे एक कारण नकाशातच आहे. नदी किंवा नाला म्हणजे आयती हद्द, असे राज्यकर्त्यांना नेहमी वाटत आले. १९८२ मध्ये चांद्याचे दोन जिल्हे झाले, तेव्हा मधली हद्द बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगाच धरली. वर्धेपलीकडे यवतमाळ, प्राणहिता-गोदावरीपलीकडे तेलंगण, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. म्हणजे जी नदी दोन्ही काठांना एकत्र बांधते, तिनेच कागदावर त्यांची फारकत केली. आपल्याकडे तरी काय निराळे आहे? नाल्याचा डावा काठ एका गावचा, उजवा दुसऱ्या गावचा. दोन ग्रामपंचायती, दोन तलाठी, आणि पुष्कळ ठिकाणी कारखान्याचे गटही दोन. माझ्याच खात्याचे दोन गट अधिकारी एका नाल्याच्या दोन काठांवर लागणीचा कोटा पुरा करायला धावतात, आणि त्या नाल्यात एकूण पाणी किती हे दोघांपैकी एकालाही विचारले जात नाही.

आता तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे. तिकडे पाऊस बाराशे-तेराशे, इकडे जेमतेम सहाशे. तिकडचा तलाव इकडे कसा चालेल? तलाव जसाच्या तसा उचलून आणा असे मी म्हणतच नाही. आपला खडक काळा कातळ, थराथरांचा. त्यात विहीर चालते, पाझर तलाव चालतो. तो हिशेब मात्र इकडेही लागू आहे, आणि पाऊस कमी म्हणून जास्तच लागू आहे. चला, मांडूनच पाहू. समजा एका नाल्याचा पाणलोट १००० हेक्टर, म्हणजे अडीच हजार एकर आहे. पाऊस ६०० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. त्या हिशेबाने वर्षाला त्या पाणलोटात पडले ६०० कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते! पण त्यातले ऊन किती घेणार, गवत-झाडे किती, ज्वारी-बाजरी-सोयाबीन किती, पुराबरोबर किती जाणार? समजा या सगळ्यांत दोन भाग गेले आणि एक भाग आपल्या हाती राहिला. म्हणजे २०० कोटी. मोकाट पाणी दिले तर एक हेक्टर ऊस वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी पितो. म्हणजे १०० हेक्टर, अडीचशे एकर. ठिबक केले व हेक्टरी सव्वा कोटीच्या आत बसवले, तर चारशे एकरांच्या आसपास. तेही माणसांचे, गुरांचे पिणे बाजूला न काढता. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येक नाल्याला तो वेगळा येईल, कालव्याखाली तर सगळेच बदलेल. पण आता तुम्हीच बसून आपल्या नाल्याच्या दोन्ही काठांवरचा ऊस मोजा. जिथे चारशेच्या जागी सातशे एकर उभा आहे, तिथे नवी बोअर पाणी कुठून आणणार? ती शेजाऱ्याच्या विहिरीतले आणील, नाही तर पुढच्या सालचे आजच उपसून काढील.

शिवाय कायदाही पाहा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. ती किती पाळली जाते हे आपल्याला माहीत आहे. पण पाळली जात नाही म्हणून कारखान्याने तिच्यावर हमीची सही करावी, हे मला योग्य वाटत नाही.

या विषयावर बोलताना एक गोष्ट ऊसवाल्यांना टोचते, ती मी मुद्दाम काढणार आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातल्या माणसांच्या मापाने दिले, भूमिहीनालाही वाटा दिला; आणि उसाला मात्र पाणी नाही असा नियम केला. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केली, त्याबरोबर ऊसही बंद केला. म्हणजे ज्यांनी ज्यांनी पाणलोटाचा हिशेब खरेपणाने मांडला, त्यांनी आधी उसालाच दारातून बाहेर काढले. ऊस विकास अधिकारी म्हणून मला हे वाचून बरे वाटत नाही. पण मी त्यांना चूकही ठरवू शकत नाही. माझे म्हणणे इतकेच की हिशेब दुसऱ्या कोणी मांडून आपल्याला बाहेर काढण्यापेक्षा आपण आधी स्वतः मांडावा. मापात बसेल तेवढा ऊस ठेवायला मग कोणाची ना राहणार नाही.

काही सभासद म्हणतात, नाला खोल-रुंद केला, आता काळजी मिटली. जलयुक्त शिवारच्या काळात आणि त्यानंतरही पोकलेनने भरपूर नाले खोदले गेले. काही ठिकाणी गुण आला, ते नाकारत नाही. पण माथ्यावर एक समतल चर नाही, ओघळींना दगडी बांध नाही, आणि तळाशी तीन माणसांएवढा खड्डा! दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवे, हे कोहळ्यांना कळले होते. आपल्याला बिल काढायची घाई असते म्हणून आपण पायथ्यापासून सुरुवात करतो. ठिबकचेही तसेच. ठिबक करून वाचवलेल्या पाण्यावर लगेच दोन एकर ऊस वाढवला, तर नाल्याच्या पदरात काय पडले?

म्हणून माझ्या सूचना अशा. बोअरसाठी हमी नको. तेवढाच पैसा ऊस विकास निधीतून वरच्या अंगाच्या कोरडवाहू सभासदांच्या रानात बांधबंदिस्तीला, चरांना, ओघळींच्या बांधांना द्यावा, मग त्यांच्या रानात उसाचे कांडेही नसले तरी चालेल. खालच्या मळ्यातल्या दर टनामागे थोडीशी रक्कम यासाठी कापली, तर वरच्या माणसाला माळ राखण्यात रस येईल. आज त्याला काय पडली आहे? नोंदीच्या अर्जात नाल्याच्या नावाचा रकाना वाढवावा. आणि गटांची फेरआखणी करताना गावांच्या याद्या बाजूला ठेवून एक नाला, एक गट असे धरावे. यात स्लिपबॉयची धावपळ वाढेल, तोडणीच्या टोळ्यांचे वाटप नव्याने लावावे लागेल, काही संचालकांच्या मतदारसंघाशीही ते जुळणार नाही. हे सर्व मला कळते. तरी सांगतो.

ठराव होईल तेव्हा होईल. शेतकी खात्याने आपल्या अधिकारात एक काम यंदा धरले आहे. पावसाळा संपून दसरा झाला की प्रत्येक गटातल्या एका नाल्याच्या काठच्या सर्व विहिरींची पाण्याची पातळी मोजायची, आणि तीच पुन्हा मार्चअखेर. ज्याची विहीर त्यानेच मोजायची, आकडे गट कार्यालयाच्या फळ्यावर सर्वांना दिसतील असे लावायचे. मोजणीच्या दिवशी सकाळी सात वाजता नाल्याच्या मुखाशी जमून चालत माथ्यापर्यंत जाऊ. वाटेत कोणाची ओघळ कुठे मोडली तेही पाहून घेऊ. दर फुटाला गाठ मारलेला दोर ज्याने त्याने घरून आणावा. कार्यालयात एकच आहे, आणि तो साठ फुटांचा आहे, त्याच्या पुढे आपल्या पुष्कळ विहिरी गेल्या.